हे बरं की मघाचं?

गिटार न वाजवणारे लोक या जगात पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच एक. पण गिटार रोज तास-दोन तास मांडीवर घेऊन बसायचं आणि तरीही ती वाजवायची नाही, हे व्रत वर्षानुवर्षं पाळणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असावा, आणि तो माझा साडू आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. केडगावात पुणे रस्त्याला त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान बरं चालतं, माणूस सरळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. असा माणूस बिघडायला काहीतरी निमित्त लागतं, ते त्यांच्या मुलीने पुरवलं. कॉलेजात असताना तिने हट्टाने गिटार घेतली, थोडे दिवस क्लास केला, बोटं सोलतात म्हणून सोडला आणि पुढे नोकरीला पुण्याला गेली ती गिटार कपाटावर टाकूनच. एका रविवारी दाजी धूळ झटकायला ती खाली काढतात काय, त्यांच्या हातून एक खुंटी फिरते काय, आणि तार ढिली पडून भलताच आवाज निघतो काय. दुसरा कोणी असता तर खुंटी होती तिथे आणून ठेवली असती. दाजींनी दुसरी खुंटी फिरवली. मग तिसरी. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, सांगते की त्या दिवशी जेवायला तीनदा हाका माराव्या लागल्या, आणि ताटावर बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "हिलाही नंबर असतो गं."

आता गिटारीच्या सहा तारा कोणत्या सुरात लावायच्या हे जगाने केव्हाच ठरवून टाकलेलं आहे, आणि जगभरची पोरं निमूटपणे तशाच लावतात. दाजींना हे मान्य नाही. एकदा त्यांच्या दुकानात एक गिटार शिकवणारे मास्तर चष्म्याला आले. दाजींनी त्यांना नवा चष्मा चढवला आणि काउंटरखालून गिटार काढून त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी एकदा तारा छेडल्या आणि तोंड वाकडं केलं. "काका, ही लावलेली नाहीये."

"लावलेलीच आहे. सकाळपासून तेच करतोय."

"तशी नाही. स्टँडर्ड असतं एक."

"स्टँडर्ड म्हणजे तो रस्त्यावरचा रेडीमेड चष्मा," दाजी म्हणाले. "सगळ्या गावाला एकच नंबर चालला असता तर मी दुकान कशाला टाकलं असतं?" मास्तर चष्मा घेऊन गेले. पुढचा चष्मा त्यांनी दुसरीकडे केला असं ऐकतो.

दाजींची लावण्याची पद्धतही दुकानातलीच. नंबर काढताना ते गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम ठेवतात, तिच्यात एक काच सरकवतात, मग दुसरी, आणि अत्यंत शांत आवाजात विचारतात, "हे बरं की मघाचं?" गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्यांना घाई नसते. हाच प्रश्न घरी आलेल्या प्रत्येकाला गिटारीच्या बाबतीत विचारला जातो. चहा यायच्या आत तुम्हाला खुर्चीवर बसवतात, तारा एकदा छेडतात, एक खुंटी केसभर फिरवून पुन्हा छेडतात आणि तुमच्याकडे बघतात. दूधवाला, गॅसवाला, मतदारयादीचं काम घेऊन आलेल्या बाई, कोणी सुटलेलं नाही. मी नगरच्या कोर्टात कारकून आहे, दोन्ही बाजू ऐकून घ्यायची मला सवय आहे. पण इथे दोन्ही बाजू मला हुबेहूब सारख्या ऐकू येतात. म्हणून मी दर वेळी "मघाचं" असं सांगून मोकळा होतो. बऱ्याच वर्षांनी दाजींच्या ते लक्षात आलं. माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही कायम मघाचंच म्हणता. तुमचं काहीतरी मघाशी राहून गेलंय." मला त्या रात्री जरा उशिरा झोप लागली, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तारा कशाला लावायच्या, तर जे कानावर पडेल त्याला. सुरुवात फ्रीजपासून झाली. फ्रीज सुरू झाला की एक हूं असा आवाज येतो, तो तुम्हाआम्हाला ऐकू येत नाही कारण आपल्याला दुसरी कामं असतात. दाजी त्याला षड्ज धरून बसायचे. मध्येच वीज गेली की आम्ही पंखा गेला म्हणतो, टीव्ही गेला म्हणतो, दाजी म्हणायचे, "सा गेला." अक्काने नवा फ्रीज घ्यायचं काढलं तेव्हा दुकानातला माणूस लिटर सांगत होता, स्टार सांगत होता, आणि दाजी एकेका फ्रीजच्या पाठीला कान लावत रांगेने पुढे सरकत होते. शेवटी त्यांनी एकावर हात ठेवला, "याचा खर्ज चांगला आहे." त्या फ्रीजमध्ये कोथिंबीर दुसऱ्या दिवशी मान टाकते. आवाज मात्र अजूनही उत्तम आहे म्हणतात. फ्रीजनंतर पिठाची गिरणी झाली, बोअरची मोटर झाली, पुणे रस्त्यावर चढाला गिअर बदलणारा उसाचा ट्रक झाला. ट्रक फार थांबत नाही, ही त्यांची त्याच्याबद्दल तक्रार होती.

नुसत्या खुंट्यांनी भागेना तेव्हा स्वयंपाकघर कामाला लागलं. तारांवरून स्टीलची वाटी घसरवली की आवाज रडवेला होतो, पितळेची घसरवली की समजूतदार होतो, हा शोध त्यांचा. तारांमध्ये कपड्यांचे चिमटे अडकवले, आगकाड्या खोचल्या, चष्म्याच्या मोडक्या काड्या विणल्या. वस्तू काम झाल्यावर गिटारीच्या पोटात पडायच्या आणि तिथेच राहायच्या. "वाटी सापडेना झाली की मी आधी गिटारीत हात घालते," अक्का म्हणायची. हे ती तक्रार म्हणून सांगायची, पण नव्या पाहुण्यांना मुद्दाम हात घालायला लावायची, त्यामुळे तक्रार किती आणि कौतुक किती हे कोर्टातही सिद्ध झालं नसतं.

एवढं करून गाणं नाही. घरातल्या एका साखरपुड्यात कोणीतरी हौसेने म्हणालं, दाजी, तुमची गिटार होऊन जाऊ द्या. दाजींनी मांडीवर घेतली. मंडळी सरसावून बसली, पोरींनी मोबाईल वर धरले. दाजी लावत राहिले. पंगत बसायची वेळ झाली, भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं, नवऱ्यामुलाच्या आत्याने तर एक डुलकीही काढली. शेवटी दाजींनी सहाही तारांवरून एकदाच अंगठा फिरवला, डोळे मिटून तो आवाज विरेपर्यंत ऐकला, आणि गिटार खाली ठेवून म्हणाले, "झालं." मुलाकडचे लोक अजून ती गोष्ट सांगतात. नाचता येईना अंगण वाकडं असं तेव्हा कोणीतरी मागून पुटपुटलं. पण नाचायचं दाजींच्या मनात कधी नव्हतंच. त्यांना अंगणच सरळ करायचं होतं, आणि तेही रोज नवं.

रोज नवं, हे खरं. आज लावलेलं उद्या मोडायचं हा त्यांचा नेम. मुलगी फोनवर सांगायची, "बाबा, चांगलं सापडलं तर कुठेतरी लिहून तरी ठेवा." ते म्हणायचे, "कालच्या कागदावर आजचा चष्मा करू नये." त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी जे जे काही शोधलं त्याचा कसलाही मागमूस उरलेला नाही. मला हे त्या वेळी फार शहाणपणाचं वाटायचं. निदान त्याचा पसारा तरी होत नव्हता.

या सगळ्याचा कोणाला काही उपयोग होईल असं आम्हाला कधी वाटलं नाही. मग आमच्या सासऱ्यांचा आवाज गेला.

सासरे मिरजगावचे, शेतकरी. आम्ही जावई त्यांना मामा म्हणायचो. एरवी मामा कांदा, ऊस आणि ग्रामपंचायत यांवर इतरांसारखंच बोलायचे, पण एकादशीला संध्याकाळी देवळात भजनाला उभे राहिले की पुढचा अभंग तेच घेणार, हे गावात ठरलेलं. आवाज चढा, खणखणीत. हायवेवरचे ट्रकवाले चहाला थांबत तेही जरा जास्त थांबायचे असं सासूबाई सांगत. एका पावसाळ्यात मामांना झटका आला. हलका होता, हातपाय सावरले, पण आवाज खाली उतरला आणि अशा जागी जाऊन बसला की पेटीवर ती जागाच नाही. पेटीवाल्यांनी पांढरी पट्टी धरली की मामा तिच्या वर जायचे, शेजारची काळी धरली की खाली राहायचे. दोघींच्या मधल्या फटीत त्यांचा सूर, आणि फटीत पेटी वाजत नाही. दोन एकादश्या मामांनी प्रयत्न केला. तिसऱ्या एकादशीला ते मागे टाळ धरून बसले आणि चौथीला गेलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "आता आमी बेसूर मानूस. देवाच्या कानाला कशाला तरास?" जेवण कमी झालं, ओसरीवरचं बोलणं कमी झालं. सासूबाई फोनवर अक्काला म्हणाल्या, "घरात लई गप गप झालंय बाई."

पुढच्या रविवारी दाजींनी दुकान बंद ठेवलं आणि गिटार घेऊन मिरजगावला निघाले. मीही गेलो, कारण मजा बघायला मिळेल असं मला वाटलं होतं. मामा ओसरीवर बाजेवर पडले होते. गिटार बघून म्हणाले, "जावईबापू, ह्ये शिनेमातलं घेऊन आमच्याकं काय काम?"

"मामा, तुम्ही फक्त आ करा."

"आमचं आता काय न्हाई हुत. पेटीवालं समदं करून बसलं."

"पेटी रेडीमेड असते, मामा. तुमचा नंबर काढावा लागेल."

मामांनी नाइलाजाने आ केला, डॉक्टरपुढे करतात तसा. दाजींनी एक तार त्याच्याजवळ आणली. "हे बरं की मघाचं?" मामा म्हणाले, मला काय कळतंय. दाजींनी पुन्हा आ करायला सांगितलं. असं बराच वेळ चाललं. गावातले दोघेतिघे येऊन पायरीवर बसले. सहाही तारा दाजींनी तंबोऱ्यासारख्या सा आणि प या दोनच सुरांत आणल्या, आणि मग खिशातून नायलॉनचा एक बारीक दोरा काढला. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्यात काच धरून ठेवायला खालून जो दिसेल न दिसेल असा दोरा असतो, तोच. तो त्यांनी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारांच्या खाली सरकवला. आता तारा छेडल्यावर गिटार गिटारीसारखी वाजेना. मधमाश्यांचं मोहोळ दूर कुठेतरी घुमावं तसा आवाज ओसरीभर पसरला. मामांनी डोळे मिटले. या खेपेला त्यांना आ करा म्हणून सांगावं लागलं नाही. आवाज पूर्वीचा नव्हता, जाडसर झाला होता, मध्ये चिरत होता. पण तो बेसूर नव्हता, हे मलाही कळलं, आणि मला काय कळतं ते वर सांगितलंच आहे. सासूबाई आतून दारापर्यंत आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून पुन्हा आत गेल्या.

त्यानंतर दर एकादशीला दाजी दुपारीच शटर ओढायचे, गिटार पाठीला लावायचे आणि स्कूटरवर मिरजगाव गाठायचे. पेटीवाले पहिल्यांदा रुसले, मग त्यांनी पेटीवर शाल टाकून टाळ घेतले. मामा पुढे उभे राहायचे, दाजी त्यांच्या पायाशी बसून एकाच चालीने तारा छेडत राहायचे. गावाने त्याला जावयाचा तंबोरा असं नाव दिलं. मामांचा आवाज दर खेपेला थोडा हलायचा, म्हणून आधी ओसरीवर नंबर निघायचा, मग देऊळ. हे बरं की मघाचं, हे मामा हळूहळू शिकले. पुढे पुढे तर तेच सांगायचे, "मघाचं ऱ्हाऊ द्या, जावईबापू. ह्ये टोचतंय."

मामा गेले ते एका एकादशीनंतर चार दिवसांनी, झोपेत. दिवसकार्य झालं, आम्ही सगळे परतलो. पुढे मी केडगावला गेलो तेव्हा चहा आला, बिस्किटं आली, प्रश्न आला नाही. गिटार कोपऱ्यात उभी होती, नायलॉनचा दोरा तसाच. फ्रीज सुरू झाला, बंद झाला, दाजी जागचे उठले नाहीत. अक्काने मला हळूच सांगितलं की रोज सकाळी दुकानाला जाण्यापूर्वी ते तारांवरून एकदा अंगठा फिरवतात, एखादी सैल झाली असली तर केसभर पिळतात आणि ठेवून देतात. आज लावलेलं उद्या मोडणाऱ्या माणसाने एक सूर जवळपास वर्षभर मोडला नाही. मला ते बघवेना. गप्पा मारत मीच म्हणालो, "दाजी, काही नवीन?" ते म्हणाले, "सध्या आहे ते चांगलं आहे."

वर्षश्राद्धाला सगळे मिरजगावात जमलो. दाजींनी गिटार आणली होती, मामांच्या फोटोपुढे एकदा छेडावी एवढंच त्यांच्या मनात असावं. आम्ही पुरुष गच्चीवर कावळ्याची वाट बघत उभे होतो, बायका स्वयंपाकात होत्या, आणि पुण्याहून आलेली दाजींची मुलगी माजघरात एकटीच होती. तिला तिची जुनी गिटार दिसली. अंगावर धूळ नव्हती, पण तारा भलत्याच लावलेल्या, खाली कसलासा दोरा अडकलेला. पोर गुणी आहे. तिने दोरा ओढून काढला, मोबाईलवर ते सूर दाखवणारं ॲप लावलं, सहाही तारा शास्त्रशुद्ध जुळवल्या, वर ओल्या फडक्याने पुसून काढली. आम्ही जिना उतरून आलो तेव्हा हसत पुढे आली, "बाबा, बघा. किती दिवस तशीच ठेवलीत? नीट करून दिली." आणि तिने सगळ्या तारा एकदम छेडल्या.

दाजी तिथेच पायरीवर बसले. तिच्याकडे बघून म्हणाले, "छान केलंस." रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या बायकोने पोरीला आत नेऊन काय ते सांगितलं, आणि मग आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. दाजी उठून तिच्यापाशी गेले, म्हणाले, "अगं, गिटार तुझीच आहे." मग ओसरीवर येऊन त्यांनी तारा सोडल्या आणि शोधायला बसले. दोरा केरातून सापडला, सूर सापडेना. कोणी म्हणालं, देवळातलं शूटिंग असेल की मोबाईलवर. होतं, त्यात टाळ होते, पखवाज होता, शूटिंग करणाऱ्याचा खोकला होता, आणि मामा त्या सगळ्यांच्या मागे कुठेतरी. दाजी एक खुंटी फिरवत, थांबत, डोकं हलवत. फ्रीज आणि ट्रक ध्यानात ठेवणारा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "मला आठवत नाही हो." त्यांचे डोळे भरले होते. माझ्याजवळ त्यांना द्यायला काही नव्हतं, अगदी 'मघाचं'सुद्धा.

तेव्हा सासूबाई बाहेर आल्या. हाताला वड्यांचं पीठ तसंच होतं. त्या कधी गायल्या नव्हत्या, देवळात भजनाला मागच्या रांगेत बसायच्या, आणि संगीतातलं त्यांना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. दाराच्या चौकटीला टेकून त्या म्हणाल्या, "लई वर हाय त्ये."

दाजींनी वर पाहिलं. खुंटी सोडली, तार छेडली.

"आता खाली ग्येलं."

दाजी सावरून बसले. दुकानात बसतात तसे, ताठ. अगदी त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "मामी, हे बरं की मघाचं?"

"मघाचं."

"आता?"

"उलीसं वर घ्या."

"हे बरं की मघाचं?"

सासूबाई खाली बसल्या. पीठ लागलेला एक हात त्यांनी हवेत धरला होता, आणि तार जशी वर येईल तसा तो हातही वर येत होता. मग तो हात थांबला. "हां," त्या म्हणाल्या. "बास. हितंच उभं ऱ्हायचे." दाजींनी बाकीच्या तारा तिच्याशी जुळवल्या, दोरा सरकवला आणि सहाही तारांवरून अंगठा फिरवला. आवाज विरेपर्यंत सासूबाई बसून राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कारण आत तेल तापलं होतं.

गिटार आता मिरजगावलाच असते. दाजींनी ती ओसरीच्या खुंटीला अडकवली आणि मोकळ्या हाताने केडगावला परतले. महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात सासूबाईंचा फोन येतो, "जावईबापू, उतरलंय वो," आणि दाजी गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम तेवढी काढून घेऊन शटर ओढतात. घरी त्यांनी पुन्हा फ्रीजशी बोलणं सुरू केलंय असं अक्का सांगते, पोरीने त्यांना नवी गिटार आणून दिली आहे. मला परवा पुन्हा खुर्चीवर बसवलं गेलं. मी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला, तर दाजींना आश्चर्य वाटलं.

मध्यंतरी कामासाठी कर्जतला गेलो होतो, येताना वाटेत मिरजगावला उतरलो. दुपारची वेळ होती. सासूबाई ओसरी झाडत होत्या, पाठमोऱ्या, मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. झाडत झाडत त्या भिंतीपाशी आल्या, खराटा काखेत धरला, आणि तारांवरून अंगठा फिरवला. आवाज पुरता विरेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग पदर खोचला आणि राहिलेला केर काढायला लागल्या.